घळीतले थांबे

दिवेवाल्याने घड्याळजीच्या कमरेची गाठ सोडली आणि दोराचं टोक पुन्हा त्याच्याच हातात दिलं.

“परत.”

घड्याळजीने तिसऱ्यांदा गाठ मारली. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने जागेवर बसवणारे त्याचे हात या अंगठ्याएवढ्या जाड दोरापुढे अगदीच बावळट दिसत होते. दिवेवाल्याने गाठ ओढून पाहिली, हिसका देऊन पाहिली, मग एक पाय मागे टाकून सगळ्या अंगाचा भार देऊन पाहिली. गाठ टिकली. घड्याळजी मात्र दोन पावलं पुढे फरफटला.

“गाठ बरी आहे,” दिवेवाला म्हणाला. “माणसाचं बघू.”

त्यांच्या मागे समुद्र ओहोटीने दूर सरला होता. गोट्यांचा एवढासा किनारा, त्याच्या टोकाला खडकात रोवलेला लोखंडी खांब आणि खांबावर दिवा. त्या दिव्याच्या भरवशावर होड्या अंधारात खडकांना वळसा घालत. दर गुरुवारी कुणीतरी खाली उतरून काचेवर साचलेलं मीठ पुसायचं, बॅटरी बदलायची आणि उतरलेली बॅटरी वर घरी नेऊन चार्ज करायची, एवढंच काम. हा ‘कुणीतरी’ गेली सदतीस वर्षं दिवेवालाच होता. खाली यायला आणि वर जायला वाट एकच, समोरच्या कड्याला वरपासून खालपर्यंत पडलेली चीर. तिला सगळे घळ म्हणत. अडीचशे फूट उंच, रुंदीला कुठे खोलीएवढी तर कुठे कपाटाएवढी.

घड्याळजी आज त्या घळीपाशी उभा होता तो दिव्यासाठी नव्हे, दिवेवाल्याच्या धाकट्या मुलीसाठी. धाकटी शाळेत शिकवायची. शाळेचं घड्याळ बंद पडलं म्हणून ती पहिल्यांदा त्याच्या दुकानात आली. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा घड्याळात काहीच बिघाड नव्हता. तिसऱ्यांदा तिने घड्याळ आणलंच नाही.

दिवेवाल्याच्या घरात जावई होऊ पाहणाऱ्याला शिक्षण विचारत नसत, दुकान स्वतःचं की भाड्याचं तेही विचारत नसत. त्याला एकदा घळ चढायला लावत. एका दोराला दोघं, पुढे दिवेवाला, मागे तो. ओझं मागच्याकडे. आणि घळीचा नियम एकच, पण पक्का: पुढच्याने चालायचं, मागच्याने थांबवायचं. पुढचा आपल्या मर्जीने मध्येच थबकला तर मागच्याचा एक पाय हवेत राहतो, म्हणून पुढच्याने थांबा मागायचा नाही. मागचा ‘थांबा’ म्हणेल तेव्हाच दोर थांबेल. असे थांबे मोजले जात आणि घरी जाऊन सांगितले जात. पाचपर्यंत माफ. थोरला जावई ट्रक चालवायचा, तो तीन थांब्यांत वर आला होता आणि नऊ वर्षं झाली तरी ते प्रत्येक जेवणात सांगत होता. त्याच्या सांगण्यात घळ दरवर्षी वीसेक फुटांनी वाढत असे. धाकटीसाठी मागे एक मोजणी खात्यातले साहेब आले होते. त्यांचे नऊ थांबे झाले. वर आल्यावर त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि बसपर्यंत सोडायला दिवेवाला जातीने गेला. इतक्या आदराने नकार त्या भागात कुणालाच मिळाला नव्हता.

“मी लग्न तुझ्याशीच करणार,” धाकटी काल त्याला म्हणाली होती, “पण बाबांशी अबोला पत्करून नाही. मला दोन्ही हवंय.”

“आणि सहा थांबे झाले तर?”

“होऊ देऊ नकोस.”

म्हणून गेला महिनाभर तो रोज सकाळी पाठीवर वीस किलोची पिशवी घेऊन पाण्याच्या टाकीचा जिना चढत होता. टाकीच्या वॉचमनने सुरुवातीला हटकलं, मग कीव केली, आणि शेवटी शेवटी तो खाली उभा राहून आकडे मोजू लागला.

दिवेवाल्याने टोपी कानांवर ओढली आणि घळीत पाय घातला.

घळीतल्या टप्प्यांना नावं होती. कुणी ठेवली कोण जाणे, पण ठेवणाराला घराची ओढ असावी. सगळ्यांत खालचा दगड म्हणजे उंबरठा. मध्ये पाणी झिरपायचं तो सपाट कातळ म्हणजे न्हाणी. त्यावर जिना, आणि कड्याच्या काठाखाली दोघं जेमतेम बसतील अशी फळी होती तो माळा. दगडात जागोजागी लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. पुढचा चढता चढता दोर खुंटीमागून घेई, मागचा तो सोडवत येई. पुढच्याचा पाय निसटलाच तर त्या खुंटीने आणि मागच्याने मिळून त्याला धरायचं.

पहिले चाळीस फूट घड्याळजीने टाकीच्या जिन्यासारखेच काढले. मग पाठीवरच्या बॅटरीचा पट्टा खांद्यावरून घसरून दंडाला काचू लागला आणि डाव्या पोटरीत गोळा आला. दात खाऊन तो आणखी पाच फूट चढला. गोळा दात खाऊन जात नाही.

“थांबा!”

दोर थांबला.

“एक,” वरून आवाज आला. आवाजात समाधान होतं. गिऱ्हाईक पटायला लागलं की दुकानदाराच्या आवाजात येतं तसं.

घड्याळजीने पोटरी चोळली, पट्टा आवळला, “चला” म्हणाला. यानंतर मात्र त्याला लय सापडली. हात, पाय, हात, पाय. पाठीवरचं ओझं जागेवर बसलं. टाकीच्या वॉचमनला मनातल्या मनात दुवा देत तो चढू लागला, आणि पायाखालचा दगड बघण्यापलीकडे आजूबाजूलाही बघायला त्याला फुरसत मिळाली.

समोर बघण्यासारखं एकच होतं, दिवेवाल्याचे बूट. सहा फुटांवर ते दगडावर टेकायचे आणि उचलायचे. दिवेवाला पकड शोधत नव्हता. आपल्याच घरात अंधारात दिव्याच्या बटणाकडे हात जातो तसा त्याचा हात कपारीकडे जायचा. घड्याळजीला कुठलंही काम नेमकं करणारा माणूस आवडायचा, मग तो न्हावी का असेना. आज तर या म्हाताऱ्याबद्दल त्याला उगाच माया दाटून आली. धाकटी खडू हातात घेते तोही असाच, न बघता, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो एकटाच हसला.

न्हाणीच्या खाली पोचेपर्यंत त्याला काहीतरी खटकायला लागलं होतं. काय ते आधी कळेना. घड्याळ कानाशी धरलं की त्याला बिघाड आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. इथेही तसंच झालं. वरून येणारा श्वास बदलला होता. आत घेतलेला तोकडा, बाहेर सोडलेला शिटीसारखा, आणि मध्येच एखादा गाळलेला.

तेवढ्यात न्हाणीच्या कातळावर दिवेवाल्याचा उजवा बूट सटकला.

चार खडे घड्याळजीच्या डोक्यावरून खाली गेले. दोर खुंटीवर करकचला. दिवेवाला दोन हातांवर लोंबत होता, आणि तो सुटा बूट हवेत जागा शोधत होता. घड्याळजीने विचार केला नाही. दोन फूट वर चढून त्याने त्या बुटाखाली आपला खांदा दिला. बुटाच्या टाचेचे खिळे सदऱ्यातून रुतले. क्षणभर सगळा म्हातारा त्याच्या खांद्यावर होता. अंगाने दिसतो त्यापेक्षा तो खूपच हलका होता.

मग बुटाला कपार सापडली आणि खांदा मोकळा झाला.

“शेवाळ,” वरून दिवेवाला म्हणाला.

घड्याळजीने पाहिलं. त्या दगडावर शेवाळ नव्हतं.

होती ती एक पोटरी, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि ती थरथरत होती. दिवेवाला ती दुसऱ्या पायाआड लपवायला बघत होता, पण घळीत पाय लपवायला जागा नसते. आणि तरी त्याने वरच्या खुंटीकडे हात टाकला, कारण पुढच्याने चालायचं असतं.

घड्याळजीला एकदम सगळा हिशोब लागला. धाकटीने सांगितलं होतं, पूर्वी घळीत मागे तिची आई असायची. दोन वर्षांपूर्वी आईचा गुडघा गेला आणि तेव्हापासून बाबा एकटे जातात. एकट्या माणसाला घळीत हवं तिथे थांबता येतं, हवं तितका वेळ बसता येतं, कारण मोजायला कुणी नसतं. आज दोन वर्षांनी मागे माणूस आला होता, आणि त्याच्याबरोबर नियमही परत आला होता. म्हातारा स्वतःच्या नियमात स्वतःच अडकला होता. तोंडाने तो कबूल करणं शक्य नव्हतं. घळ मला नको म्हणेल त्या दिवशी दिवा सोडीन, असं त्याने बंदराच्या ऑफिसात चारचौघांसमोर सांगून ठेवलं होतं.

खरं बोलावं, असं सगळे शिकवतात. कुठे बोलावं, कुणाला, आणि दोन्ही हात दगडात अडकलेले असताना बोलावं का, हे कुणी शिकवत नाही.

“काका, थांबा!”

“का?”

“बुटात खडा गेलाय.”

दोर थांबला. घड्याळजीने सावकाश बूट काढला, नसलेला खडा झटकला, बूट घातला, नाडी बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. वरची शिटी हळूहळू कमी होत गेली.

“दोन,” दिवेवाला म्हणाला.

वीस फुटांनंतर पट्टा सैल झाला. तीन. त्यानंतर पंधरा फुटांवर घड्याळजीला तहान लागली. त्याने बाटली काढून नुसते ओठ ओले केले आणि वर धरली.

“मला नको,” म्हणत दिवेवाल्याने बाटली घेतली, अर्धी रिकामी केली आणि खाली दिली. “चार.”

जिन्याच्या पायथ्याशी घड्याळजीची कारणं संपली. खोटं बोलणं हा काही त्याचा धंदा नव्हता. समोरच्या कपारीत एक पक्षी बसला होता.

“काका, थांबा! हा कोणता हो पक्षी?”

दिवेवाल्याने मान वळवून पाहिलं.

“कावळा.”

“अच्छा.”

“पाच,” दिवेवाला म्हणाला. खुंटीवरची त्याची मूठ पांढरी पडली होती आणि सुटत नव्हती. “आता माफीचे संपले. अजून सत्तर-ऐंशी फूट आहे. जमेल?”

“जमेल.”

खोटं नव्हतं ते. घड्याळजीच्या अंगात अजून पाण्याची एक टाकी चढायची ताकद शिल्लक होती. त्याने वर पाहिलं. घळीच्या तोंडाशी आभाळाची पट्टी दिसत होती आणि पट्टीच्या काठावर एक डोकं. धाकटी पालथी पडून खाली बघत होती. तिची वेणी काठावरून खाली लोंबत होती. इतक्या लांबूनही त्याला कळलं की ती हाताची पाच बोटं उघडून बसली आहे आणि सहावं उघडायला तयार नाही.

ते निघाले. जिना खरोखर जिन्यासारखा होता, फक्त त्याची प्रत्येक पायरी गुडघ्याच्या वर. पाच पायऱ्या झाल्या. सहा. श्वास पुन्हा तोकडा झाला. सातव्या पायरीला दिवेवाल्याने पाय उचलला, पाय निम्म्यावर गेला आणि परत खाली आला. दुसऱ्यांदा उचलला. या वेळी गेला. घड्याळजी ऐकत होता. एक श्वास, दुसरा, मग गाळलेला. एक, आणि मग गाळलेले दोन.

गप्प राहिलं तर म्हातारा चढेल. तो शेवटच्या श्वासापर्यंत चढेल, आणि बहुधा वर पोचेलही, कारण सदतीस वर्षं पोचत आलाय. संध्याकाळी घरात हसू असेल. थोरल्या जावयाचा फोन येईल. आणि नाही पोचला तर हा दोर आहे, ही खुंटी आहे. घड्याळजीने खुंटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या आयुष्यातल्या त्या एकमेव वेणीकडे पाहिलं.

“काका, थांबा.”

हा ‘थांबा’ आधीच्यांसारखा निघाला नाही. आवाज घोगरा आला. दोर थांबला. वरून कारण विचारलं गेलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

“सहा,” अखेर दिवेवाला म्हणाला, अगदी हळू.

काठावरचं डोकं मागे गेलं.

नाक कापलं गेलं की नथीची काळजी राहत नाही. यानंतर घड्याळजीने हात राखला नाही. दर दहा फुटांना त्याने दोर थांबवला. सातव्याला पायात मुंग्या आल्या, आठव्याला नुसतंच थांबावंसं वाटलं.

“ओझं द्या इकडे,” आठव्याला दिवेवाला म्हणाला.

“नको. ओझ्याचं काही नाही.”

“मग कशाचं आहे?”

घड्याळजी घुटमळला. ओझं म्हाताऱ्याच्या पाठीवर जाऊ द्यायचं नव्हतं, आणि हाताशी कावळाही नव्हता.

“भीती वाटते,” तो म्हणाला.

पुरुषमाणसाने होणाऱ्या सासऱ्याला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. वरून थट्टा येईल म्हणून त्याने मान खाली घातली. थट्टा आली नाही.

“खाली बघू नका,” दिवेवाला म्हणाला. आवाज एखाद्या लहान पोराला रस्ता ओलांडून देतानाचा होता. “माझ्या बुटांकडे बघा. मला पण पहिल्या वर्षी वाटायची. रडलो होतो न्हाणीत. कुणाला सांगू नका.”

“नाही सांगणार.”

“चला मग. सावकाश.”

नववा आणि दहावा थांबा कुठल्याही कारणाविना झाला, आणि अकराव्याला ते माळ्यावर आले. वर कडा दहा फुटांवर होता, पण घड्याळजी फळीवर बसला आणि त्याने शेजारची जागा हाताने झाडली. दिवेवाला बसला. दोघांचे पाय समुद्रावर लोंबत होते. खाली भरतीचं पाणी गोट्यांत शिरू लागलं होतं, आणि दिव्याचा खांब काडीएवढा दिसत होता. दिवेवाल्याच्या कपाळावरचा घाम टोपीतून झिरपत होता. घड्याळजीचं कपाळ कोरडं होतं. ते पुसल्याचं नाटक करायचं मात्र त्याला सुचलं नाही.

“घड्याळ बंद पडायच्या आधी कळतं का हो?” दिवेवाल्याने विचारलं.

“कळतं. आवाज बदलतो.”

“मग?”

“मग काही दिवस ठेवून घेतो. तसंच चालवत राहिलं तर चाकं झिजतात.”

“आणि गिऱ्हाईक म्हणालं, चालतंय ना, द्या परत?”

घड्याळजी जरा हसला. “म्हातारी माणसं म्हणतात तसं. हातावरून काढायलाच तयार नसतात. मग सांगतो, एक पार्ट मिळत नाहीये, पुढच्या आठवड्यात या.”

“म्हणजे खोटं बोलता.”

“हो.”

दिवेवाल्याने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. आधी तोंडाकडे, मग कपाळाकडे. तिथे त्याची नजर जरा जास्तच वेळ रेंगाळली. मग त्याने गुडघ्यांवर हात टेकले.

“अकरा,” तो म्हणाला आणि उठला.

काठावर धाकटीने आधी वडिलांना हात धरून वर घेतलं, मग घड्याळजीला. त्याचा हात तिने लगेच सोडला. तिने दोर सोडवला, गुंडाळला, खांद्यावर टाकला. यातलं काहीच करताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे डोळे लाल झाले होते आणि मुठीत उपटलेलं गवत होतं. घरापर्यंतच्या वाटेवर तिघं एकामागोमाग चालत होते. घड्याळजीला वाटलं, बिस्किटं कुठली असतील.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून बॅटऱ्यांचं बाक, तारा, काच पुसायच्या कापडांचा गठ्ठा. धाकटीच्या आईने दाराशी स्टूल आणि गरम पाण्याची बादली ठेवली होती. नवऱ्याला दारात पाहताच तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं, दर गुरुवारी न्याहाळायची तसंच. मग ती घड्याळजीकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला.

“या, बसा. दमलात ना? किती झाले?”

घड्याळजीने पाठीवरची बॅटरी बाकावर ठेवली आणि तिचा पट्टा उगाच सरळ करत राहिला.

“अकरा,” शेवटी धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. “मी वरून मोजले.”

“अकरा?” आईने हातातली कपबशी टेबलावर ठेवली. घड्याळजी तिला आवडला होता हे लपवणं तिला जमेना. “मग... चहा तरी घेऊ दे त्यांना.”

दिवेवाला स्टुलावर बसून बूट काढत होता. एक निघाला. दुसऱ्याची नाडी सुटेना. घड्याळजी न सांगता खाली बसला, त्याने नखाने गाठ उकलली आणि बूट ओढून काढला. दिवेवाल्याने दोन्ही पाय बादलीत सोडले आणि डोळे मिटले.

“मोजणी बरोबर आहे तिची,” तो म्हणाला. “अकरा वेळा दोर थांबला.”

बादलीतून वाफ येत होती.

“त्यातला त्याचा एक.”

धाकटीने भिंतीवरून मान वळवली.

“काका, तसं काही नाही,” घड्याळजी घाईने म्हणाला. “मला खरंच...”

“खडा,” दिवेवाला डोळे न उघडता म्हणाला. “आणि पट्टा. आणि कावळा. चांगला चौतीस वर्षांचा बाप्या, त्याला कावळा ओळखता येत नाही? आणि भीती म्हणे. कपाळावर घामाचा थेंब नाही, आणि म्हणे भीती वाटते.” त्याने डोळे उघडले. ते ओले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. “न्हाणीत माझा पाय सुटला होता. खाली खांदा नसता तर आज तुम्ही दोघी दारात बसून राहिल्या असतात.”

आई टेबलाचा आधार घेत आली, स्टुलाशेजारी जमिनीवर बसली आणि तिने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा स्वतःचा गुडघा वाकताना कटकन वाजला.

“दोन वर्षं,” ती म्हणाली, “दर गुरुवारी तुमची टोपी काठावर दिसेपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. बरं झालं, एकदाचं तोंडातून निघालं.”

“दिवा जाईल.”

“जाऊ दे.”

“जाणार नाही,” धाकटी म्हणाली. ती वडिलांशी बोलत होती, पण बघत होती घड्याळजीकडे, आणि ते असं काही बघत होती की त्याने घाईघाईने खाली बादलीत पाहिलं. तिथे म्हाताऱ्याचे सुरकुतलेले पाय होते. उजव्या पोटरीचा थरकाप आता थांबला होता.

“गुरुवारी दुकान किती वाजता उघडतोस?” दिवेवाल्याने विचारलं.

“दहाला.”

“साडेअकराला उघड यापुढे. ओहोटी कुणासाठी थांबत नाही.” त्याने बादलीतला एक पाय हलवला. “पुढे तू हो. मी मागून येईन.”

“मी पुढे? पण काका, मला अजून वाट...”

“वाट मी मागून सांगेन. मी म्हणेन तेव्हा थांबायचं, बस.”

धाकटीला आता हसू आवरेना. रडं अजून पुरतं ओसरलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

“आणि बाबा, पाचाच्या वर गेले तर?”

“पाच जावयाला,” दिवेवाला म्हणाला. “सासऱ्याचे मोजत नाहीत.”

मग त्याने पाय एका बाजूला सरकवून बादलीत जागा केली.

“पाणी निवतंय,” तो घड्याळजीला म्हणाला. “बूट काढ. टाक पाय.”